गाडी मंगलचं ऐकते

आमची गाडी चालू व्हायला तीन गोष्टी लागायच्या: पेट्रोल, किल्ली आणि माझी बायको.

पहिल्या दोन मी कुठूनही पैदा केल्या असत्या. अडचण तिसरीची होती. आणि हे सांगणार कुणाला? मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना वीज शिकवली. सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीत जा, एखादा तरी वायरमन मला बघून विडी मागे लपवतो. (त्यातले काही आता आजोबा झालेत, पण लपवतात.) दरवर्षी नव्या वर्गात शिरलो की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मोटार बंद असो, मिक्सर बंद असो, गिरणी बंद असो. आधी टर्मिनल बघा, मग डोकं खाजवा!" हे वाक्य ज्याला पाठ नसेल तो तास संपेपर्यंत बाकावर उभा. तर अशा माणसाच्या दारातली गाडी, भवानी पेठेच्या भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत चालू होईना!

गाडी तशी जुनीच. चौदा वर्षांची, पांढरी, चार माणसांची. (पाचवा बसतो, पण मग कुणी श्वास घ्यायचा नाही.) मी तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळलेली. दसऱ्याला तर तिची पूजा अशी करतो की शेजारचे आपल्या गाड्या झाकून ठेवतात. त्या दसऱ्यालाही बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वायरी जोडायची टोकं, सोडवले, पॉलिश पेपरनं लख्ख घासले, पुन्हा बसवले. स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि आमच्या लायनीतलं मुख्य दैवत म्हणजे बॅटरी, तिला हळदकुंकू आणि सोनं वाहिलं. (आपट्याचं. नाही तर तुम्हाला वाटायचं मास्तरची पेन्शन फार आहे.)

आता मंगलविषयी. मंगल म्हणजे माझी बायको. तिचं माहेर सांगोल्याच्या पलीकडचं, शेरडा-मेंढरांचं. तेहतीस वर्षं शहरात राहून तिची भाषा माझ्यापेक्षा शुद्ध झाली आहे. फक्त चिडली की ती एका वाक्यात सांगोल्याला पोचते. तिची आई तिकडंच, गावाबाहेरच्या वस्तीवर. वय झालेलं, गुडघे गेलेले. मंगल म्हणायची, "आईला बघून येऊ या का?" मी म्हणायचो, "रविवारी बघू." असे किती रविवार गेले ते मला आठवत नाही. मंगलला पाठ आहेत.

शेवटी त्या दसऱ्याच्या आधी, जून महिन्यात, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मला गाडी शिकायची आहे. आईकडं जायला मी तुमच्या तोंडाकडं बघत बसणार नाही. क्लास लावते."

"क्लास? शिकवणारा माणूस घरात असताना?"

"म्हणून तर क्लास लावते."

पण मी ऐकतोय होय! मीच शिकवलं. म्हणजे ती चालवायची आणि मी शेजारी बसून ओरडायचो. क्लच, गिअर, ब्रेक या विषयांवर माझं एकवेळ समाधान झालं, पण दार लावणं या विषयावर कधीच नाही. मंगल गाडीचं दार असं लावायची की समोरच्या घरातली भांडी वाजायची. "अगं दार हळू! गोठ्याचं फाटक नाही ते!" हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणायचो. दार मी लावून दाखवायचो, अलगद, दोन बोटांनी, बाळाच्या अंगावर दुपटं घालतात तसं.

ऑगस्टमध्ये पहिली परीक्षा झाली. मी मैदानाच्या कडेला उभा राहून हातवारे करत होतो. मी 'उजवीकडं' म्हणत होतो, ती डावीकडं वळली आणि ड्रम पाडला. (तिच्या बाजूनं बघितलं तर माझा उजवा हात डावीकडंच होता, हे मला रात्रीच्या जेवणात समजावून सांगण्यात आलं.) नापास! दुसरी तारीख मिळाली ती नोव्हेंबरच्या शेवटची. शिकाऊ लायसन्सची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

"एक सांगून ठेवते," मंगल म्हणाली, "या वेळी झालं तर झालं. नाही तर मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. आणि मग तुमच्या रविवारची वाट बघत आई तिकडं बसेल, मी इकडं."

ती चिडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे बोलली, अगदी शुद्ध मराठीत.

आणि नेमकी त्यानंतर, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, गाडी बंद पडायला लागली.

बंद म्हणजे कायमची बंद असती तर काय हवं होतं! ही मनात आलं तर बंद. किल्ली फिरवली की समोरचे दिवे झगझगीत, हॉर्न खणखणीत, आणि सेल्फ मारला की नुसतं 'टक'. पुन्हा 'टक'. मी लगेच मीटर आणून बॅटरीला लावला. बारा पॉइंट सहा व्होल्ट! बॅटरी ठणठणीत. मी बॉनेट मिटलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "रिले गेलाय."

रिले बदलला. दुसऱ्या दिवशी 'टक'.

"सेल्फ गेलाय," मी म्हणालो. सेल्फ बदलला. तिसऱ्या दिवशी 'टक'.

आमच्या समोर नरसय्या अन्ना राहतात. आयुष्यभर टॉवेलचे माग चालवले, आता मुलगा चालवतो आणि अन्ना ओट्यावर बसून माझ्याकडं बघतात. ते म्हणाले, "ओ मास्तर, मी चार दिवस बघालोय. तुमी बसलं की बंद. वहिनी बसली की चालू. गाडी वहिनीचंच ऐकालीय की!"

"अन्ना, ही वीज आहे. वीज कुणाचं ऐकत नाही."

तेवढ्यात मंगल पिशवी घेऊन आली, शेजारच्या सीटवर बसली, धाड्कन दार लावलं आणि म्हणाली, "चला." मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू! अन्नांनी ओट्यावरूनच मंगलला हात जोडले.

आता मी काही असला तसला माणूस नव्हे. मी नोंदवही सुरू केली. तारीख, वेळ, तापमान, पेट्रोल, गाडीचं तोंड कोणत्या दिशेला, चालक कोण, सोबत कोण, शेरा. चौदा निरीक्षणं झाली. मंगल गाडीत असताना: नऊपैकी नऊ वेळा चालू. मी एकटा: पाचपैकी पाच वेळा 'टक'. विज्ञानाच्या नावानं डोळ्यांत पाणी यावं असा तक्ता होता तो.

बराच विचार करून मी निष्कर्ष काढला: वजन! मंगल बसली की गाडी एका बाजूला दबते, त्यानं कुठलीतरी वायर ताणली जाते आणि काम होतं. आता हे सिद्ध करायचं तर एक आकडा हवा होता. मंगल स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती.

"तुझं वजन किती गं?"

मंगलनं हातातली शेंग मोडली. जरा जोरातच मोडली. "कशाला?"

"प्रयोगाला."

"प्रयोग कुणावर?"

मी माघारी फिरलो आणि अंदाजानं ज्वारीचं पोतं भरलं. (किती किलोचं ते इथं लिहिणार नाही. मला अजून त्याच घरात राहायचं आहे.) पोतं मंगलच्या जागेवर बसवलं. अन्न आहे म्हणून दार अगदी हळुवार लावलं. पलीकडून येऊन बसलो, माझंही दार दोन बोटांनी लावलं आणि किल्ली फिरवली.

टक.

"ओ मास्तर," ओट्यावरून आवाज आला, "ज्वारीला पट्टा लावा की! पोलीस धरतेत!"

मग मी मनाचा हिय्या करून इम्रानकडं गेलो. इम्रान माझा विद्यार्थी, आता गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली पाच माणसं आहेत. पण मला बघितलं की अजून त्याचे दोन्ही पाय आपोआप जुळतात, कारण बाकावर सगळ्यात जास्त वेळा तोच उभा राहिला होता. गाडी दोरीनं ओढत, सगळ्या खड्ड्यांतून नाचवत त्याच्या दारात नेली. इम्राननं आत बसून किल्ली फिरवली. गाडी चालू!

"सर, गाडी तो अच्छी आहे की."

"अरे, घरी होत नाही!"

"हौ सर." त्यानं बॉनेट उघडलं, जरा घुटमळला. "सर, नाराज व्हायचं नाय. एकदा टर्मिनल काढून बघू का?"

माझा आवाज नकळत वर्गातल्यासारखा लागला. "इम्रान! टर्मिनल मी स्वतः दसऱ्याला साफ करून आवळलेत. माझ्या हातानं! तू मला टर्मिनल शिकवणार?"

"नक्को सर, नक्को," म्हणत इम्राननं हात मागे घेतला. गॅरेजमध्ये बाक असतं तर तो उभाच राहिला असता. मग टर्मिनल सोडून त्यानं सगळं बघितलं. किल्लीचा स्विच बदलला, एक फ्यूज बदलला, आणि काही वायरी, केवळ माझा मान राखायला, सोडवून पुन्हा होत्या तिथंच जोडल्या.

चार दिवसांनी मी एकटाच अक्कलकोटला एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो. मंगलला म्हणालो, चल. ती म्हणाली, "मी उलटं वळण गिरवते आहे, मला वेळ नाही." (अन्नांच्या ओट्यावर खडूनं मैदान आखून ती काडेपेटी गाडीसारखी फिरवत होती. अन्ना परीक्षा घेणारे साहेब झाले होते आणि तिला नापास करत होते.) जाताना तिला मुद्दाम गाडीत बसवलं, चालू केली आणि उतरवलं. पण येताना? लग्न उरकलं, जेवण झालं, पान झालं, गाडीत बसलो.

टक.

अर्धा तास टक. शेजारी प्रसादाच्या दुकानातला माणूस कानडीत काहीतरी पुटपुटत होता. ते माझं कौतुक नसावं. मी सगळा स्वाभिमान गिळला आणि फोन लावला. "मंगल, जरा अक्कलकोटला येतेस का?"

"कशाला?"

"गाडीत बसायला."

ती एसटीनं आली. पाऊण तास उभ्यानं आली. खाली उतरून सरळ गाडीकडं चालत आली, शेजारच्या सीटवर बसली आणि धाड्! दुकानातले पेढे हलले. मी किल्ली फिरवली. चालू!

दुकानदार खूश होऊन ओरडला, "अम्मा बंद्रु, गाडी चालू आय्तु!" म्हणजे अम्मा आल्या आणि गाडी चालू झाली. एवढी कानडी मला तिथं कुणी न शिकवताच आली.

आणि परीक्षेचा दिवस उजाडला. मी इम्रानला सोबत घेतलं होतं, न जाणो. तशी मला फार काळजी नव्हती, कारण गाडीत मंगलच बसणार होती, आणि वही सांगत होती नऊपैकी नऊ. घरून निघताना गाडी चालू झाली, मैदानापर्यंत आली, रांगेत लावून बंद केली. आता नाव पुकारणार म्हटल्यावर मी काचेतून आत वाकलो.

"हे बघ. साहेब शिस्त बघतात. आज तरी दार हळू लाव. मी लावतो तसं. दोन बोटांनी. माझी शपथ आहे."

बिचारीनं ऐकलं! आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. साहेब आले, शेजारी बसले, त्यांचं दार त्यांनी हळूच ओढलं. मंगल एकदा खाली उतरून आरसा पुसून पुन्हा आत बसली आणि दार असं लावलं, इतकं अलगद, की मला कडेला उभ्या उभ्या भरून आलं. तिनं किल्ली फिरवली.

टक.

टक. टक. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "मॅडम, गाडी आणायची तर चालू गाडी आणायची. मागं रांग बघा."

मंगलनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिच्या डोळ्यांत सांगोल्याच्या पलीकडची ती वस्ती होती आणि दारात बसलेली म्हातारी होती. मला ते बघवेना. मी धावत गेलो आणि बॉनेट उघडून साहेबांना समजावायला लागलो, "साहेब, घाबरू नका. बॅटरी बारा पॉइंट सहा आहे. यात चालकाचा दोष नाही. विजेचं असं असतं की..."

"तुम्ही कोण?"

"मी आयटीआयचा निवृत्त निदेशक. वीजतंत्री."

साहेबांनी बॉनेटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग तर अवघडच आहे," ते म्हणाले. "बाजूला व्हा. मॅडमना पुढची तारीख घेऊ द्या."

"साहेब, पुढची तारीख नाही! मुदत संपते. तुम्ही मला दोन मिनिटं द्या, मी तुम्हाला आकृती काढून..."

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. मंगल उतरली. पदर खोचला. आणि तेहतीस वर्षांचं शहर एका क्षणात गळून पडलं.

"आवं, तुमी जावा बघू तितं त्या लिंबाखाली! दार हळू लाव म्हनं! हातवारं करून एकदा नापास केलं, आता काय आकृती काढून करताय व्हय? जावा की! हितं न्हाय थांबायचं!"

मी बॉनेट मिटून कडेच्या कडुलिंबाखाली गेलो. साहेबही जरा सावरून बसले. मंगल गाडीत बसली आणि सहा आठवड्यांचा सगळा राग गोळा करून तिनं दार ओढलं. धाडकन! झाडावरचे कावळे उडाले. साहेबांची टोपी नाकावर आली. तिनं किल्ली फिरवली.

चालू! पहिल्या झटक्यात!

पुढं काय सांगू? आठाचा आकडा काढला, ड्रमला धक्का नाही. चढावर थांबली, मागं घसरली नाही. उलटं वळण तर असं घेतलं की खडूचा ओटा सार्थकी लागला. मी लिंबाखाली दोन्ही हात खिशात कोंबून उभा होतो. हात बाहेर काढायची हिंमतच नव्हती. साहेब उतरले, कागदावर सही केली आणि म्हणाले, "पास. फक्त दार तेवढं हळू लावत जा, मॅडम."

मंगल धावतच आली. तिचा चेहरा बघून मीही रडणार होतो, पण तिनं मला संधी दिली नाही. "अहो," ती म्हणाली (सांगोल्याहून परत आली होती), "गाडी माझं ऐकत नाही. दाराचं ऐकते! दार आपटलं की चालू, हळू लावलं की बंद. तुमच्या वहीत दाराचा रकाना होता का?"

नव्हता. दिशा होती, तापमान होतं, दार नव्हतं.

इम्रान माझ्याकडं बघत होता. हादरा बसला की चालू होतं, याचा अर्थ कुठंतरी जोड ढिला आहे, हे त्याला मीच शिकवलं होतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, आता तरी टर्मिनल बघू?"

मी मान डोलावली. दुसरं काय करणार! इम्राननं बॉनेट उघडलं, टर्मिनलचा नट सैल केला, क्लॅम्प वर ओढला. आणि त्या क्लॅम्पच्या आतून, बॅटरी आणि वायरच्या बरोबर मधून, त्यानं दोन बोटांनी काहीतरी बाहेर काढलं. काळपट, वाळकं, चुरगळलेलं. दोन पाकळ्यांचं.

आपट्याचं पान.

मला सगळं आठवलं. दसऱ्याच्या सकाळी वारा सुटला होता. बॅटरीवर वाहिलेलं सोनं तीनदा उडालं. पूजेत खंड नको म्हणून चौथ्या वेळी मी ते क्लॅम्पमध्ये खोचलं आणि वरून पान्यानं नट आवळला. चांगला जोर लावून आवळला! पान हिरवं होतं तोवर दाबून बसलं. दिवाळीपर्यंत वाळलं, आक्रसलं, आणि क्लॅम्प झाला ढिला. रिले बदलला, सेल्फ बदलला, किल्लीचा स्विच बदलला, ज्वारी बसवली, बायको अक्कलकोटला बोलावली. आणि दोष मी स्वतःच्या हातानं, हळदकुंकू लावून, आत घातलेला!

मग इम्राननं ते पान तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरलं आणि वर्गातल्यासारखा पाय जुळवून म्हणाला, "सर, सोनं घ्या."

"सोन्यासारखं राहा," मंगल म्हणाली. आणि मैदानात, पन्नास माणसांच्या देखत, पोट धरून हसत सुटली.

त्याच रविवारी ती एकटी गाडी घेऊन आईकडं गेली. आता दर रविवारी जाते. आमची म्हातारी दारात खुर्ची टाकून हॉर्नची वाट बघत बसते म्हणे. कधीमधी मंगल मलाही नेते, पण शेजारी बसायची परवानगी हात मांडीवर ठेवायच्या अटीवर आहे. यंदाच्या दसऱ्याला गाडीची पूजा तिनं केली आणि मला बॉनेटपासून चार पावलं लांब, नारळ धरून उभं केलं.

परवा सांगोल्याला जाताना हवा भरायला इम्रानच्या गॅरेजवर थांबलो. मी पाणी प्यायला आत गेलो तर भिंतीवर एक फ्रेम. आत तेच आपट्याचं पान, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'आधी टर्मिनल बघा, मग डोकं खाजवा. – सर.' एक गिऱ्हाईक ती फ्रेम मन लावून वाचत उभं होतं. त्यानं मला विचारलं, "हे सर कोण हो?"

बाहेर मंगलनं हॉर्न दिला.

"होते एक," मी म्हणालो. "वारले बिचारे."